‘पळता आलं की पोलीस’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गेल्या काही आठवड्यांत हा मेसेज मला निदान सहा ग्रुपांवर आला. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: “पोलीस व्हायला काय लागतं? दहावी पास, साडेपाच फूट उंची आणि पळायला पाय. अभ्यासाचा संबंध नाही. मुलींना तर निम्म्या अंतरात नोकरी. बाकी सगळी सेटिंग. मग सहा महिने अकादमीत लेफ्ट-राइट केलं की हातात काठी.”

मी तालुक्याच्या गावी भरतीच्या मुलामुलींना गणित आणि बुद्धिमत्ता शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनी हाच मेसेज माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “सर, एवढं सोपं असतं तर आमची पोरगी दोन वर्षं काय करतेय?” त्या दिवशी मला राग आला आणि धड उत्तर देता आलं नाही. आता एकेक वाक्य घेऊन देतो.

“दहावी पास.” महाराष्ट्रात पोलीस शिपायाला बारावी पास लागतं. दहावी चालते ती बॅण्ड्समनला, म्हणजे पोलीस बॅण्डमधल्या वादकाला. गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त भागातल्या काही स्थानिक उमेदवारांना शिक्षणात सवलत आहे, पण गडचिरोलीत गोंडी-माडिया भाषांचा वेगळा पेपरही असतो. हे झालं कागदावरचं. मैदानावर प्रत्यक्ष उभे असतात त्यांत पदवीधर भरपूर, इंजिनिअरही असतात. वय खुल्या प्रवर्गाला १८ ते २८, मागास प्रवर्गांना ३३ पर्यंत.

“साडेपाच फूट उंची.” हे वाक्य किरकोळ वाटेल, पण त्यानं नुकसान होतं. पुरुषांसाठी अट १६५ सेंमीची आहे, म्हणजे पाच फूट पाच इंच. साडेपाच फूट म्हणजे जवळजवळ १६८ सेंमी, आणि ती अट राज्य राखीव पोलीस दलाची, म्हणजे एसआरपीएफची. महिलांना १५५ सेंमी. पुरुषांची छाती न फुगवता ७९ सेंमी आणि फुगवून ५ सेंमी जास्त भरावी लागते. १६६ सेंमी उंचीचा एक मुलगा असाच कुठलातरी मेसेज वाचून वर्षभर घरी बसला होता. भिंतीला उभा करून मोजला तेव्हा कळलं.

“पळायला पाय.” पाय लागतातच. पण किती लागतात ते ऐका. मैदानी चाचणी ५० गुणांची. पुरुषांना १६०० मीटर २० गुणांना, १०० मीटर १५ गुणांना, गोळाफेक १५ गुणांना. १६०० मध्ये पैकीच्या पैकी हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरी साधारण ७७ सेकंदांत. १०० मीटरला पूर्ण गुण साडेअकरा सेकंदांना मिळतात. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत या वेळेला नंबर येतो. गोळा ७.२६ किलोचा, तो साडेआठ मीटर टाकायचा. आमच्याकडे सिंथेटिक ट्रॅक नाही. पोरं पहाटे साडेचारला राज्यमार्गाच्या कडेनं पळतात, मागून ट्रक येतात आणि आम्ही दोघंतिघं टॉर्च घेऊन उभे राहतो.

या पळण्यानं जीवही घेतले आहेत. २०१४ साली मुंबईच्या भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवार दगावले. पुढे शिपायांसाठी ते अंतर कमी झालं. एसआरपीएफला ५ किलोमीटर अजूनही आहे आणि २०२४ च्या भरतीत त्या धावण्यातही एका तरुणाचा मृत्यू झाला. “पळायला पाय” असं लिहिणाऱ्यानं हे आठवावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

“अभ्यासाचा संबंध नाही.” इथे मला थांबावं लागेल, कारण हा माझा रोजचा विषय. मैदान ५० गुणांचं आणि लेखी परीक्षा १०० गुणांची. गुणवत्ता यादी दोन्ही मिळून १५० गुणांवर लागते, म्हणजे दोन तृतीयांश वजन पेपराचं आहे. मैदानात निम्मे गुण मिळवले तरच पुढे जाता येतं, आणि तिथूनही एका जागेमागे फक्त दहा जणांना लेखीला बोलावतात. मग ९० मिनिटांत १०० प्रश्न: अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. हिशेब करा, एका प्रश्नाला ५४ सेकंद. त्यात नळ-टाकी, बोट-प्रवाह, नातेसंबंध, समास, प्रयोग, सगळं. ४० टक्क्यांच्या खाली गेलात तर मैदानात ५० पैकी ५० असले तरी बाहेर.

माझ्याकडे असा एक मुलगा होता. मैदानात ४७. गावात त्याची मिरवणूक काढायचीच बाकी होती. पेपरात ५८ पडले आणि तो यादीत कुठेच नव्हता. त्याच घटकात, म्हणजे भरती घेणाऱ्या त्याच जिल्ह्याच्या पोलीस दलात, मैदानात ३९ आणि पेपरात ८४ मिळवणारी पोरं लागली. तो तीन दिवस घराबाहेर आला नाही, आणि चौथ्या दिवशी वही घेऊन माझ्याकडे आला. त्याला कुणीतरी आधीच सांगितलं असतं की पेपरच खरा आहे, तर त्याचं एक वर्ष वाचलं असतं. हा मेसेज नेमकं उलटं सांगतो.

गर्दीचं प्रमाणही लक्षात घ्या. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांना साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. एका जागेला शंभर.

“मुलींना निम्म्या अंतरात नोकरी.” मुली ८०० मीटर धावतात, हे खरं. पण पूर्ण गुणांसाठी त्यांना ते २ मिनिटं ५० सेकंदांत संपवावं लागतं, १०० मीटर १४ सेकंदांत, आणि ४ किलोचा गोळा ६ मीटर. गोळ्याचं वजन कमी म्हणून हसणाऱ्यांना विचारायचंय: ऑलिम्पिकमध्ये महिलांचा गोळा किती किलोचा असतो? चारच. पुरुषांचा ७.२६. पोलीस खात्यानं ही सूट शोधून काढलेली नाही, जगभर मैदानी खेळाचा तोच मापदंड आहे. पेपर तर मुलामुलींना एकच, प्रश्न तेच, वेळ तोच, ४० टक्क्यांची अटही तीच.

महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमध्येच राखीव वाटा, आहे आणि त्यांची कटऑफ बऱ्याचदा मुलांपेक्षा खाली लागते. हे मी लपवत नाही. पण आमच्या भागात मुलगा पहाटे साडेचारला बाहेर पडला तर आई डबा बांधून देते. मुलगी बाहेर पडली तर भाऊ किंवा बाप सोबत यावा लागतो आणि गल्लीत चर्चा होते. ज्या वडिलांनी मला मेसेज दाखवला, ते स्वतः मोटारसायकलचा उजेड पाडत मुलीच्या मागे रोज चार किलोमीटर येतात. तिची ८०० मीटरची वेळ सध्या ३ मिनिटं ६ सेकंद आहे. सोळा सेकंद कमी करायला तिला अजून तीन-चार महिने लागतील. दोन वर्षं ती हेच करतेय.

“बाकी सगळी सेटिंग.” गैरप्रकार झाले आहेत. २०१८ साली नांदेडच्या भरतीत उत्तरपत्रिकांमध्ये गुण वाढवल्याचं उघड झालं, २०२३ ला मुंबईच्या लेखी परीक्षेत कानात बारीक यंत्रं लावून कॉपी करणारे सापडले. दोन्हीकडे गुन्हे दाखल झाले. नांदेडचं प्रकरण तर तिथल्या पोलिसांनीच बाहेर काढलं. आता मैदानावर कॅमेरे असतात, बऱ्याच घटकांत धावण्याची वेळ चिपनं घेतात, पेपरची उत्तरतालिका जाहीर होते आणि तिच्यावर हरकत घेता येते. चोरी शून्यावर आली असं मी म्हणणार नाही. पण “सगळी सेटिंग” या दोन शब्दांचा सगळ्यात मोठा फायदा दलालाला होतो. तो याच वाक्यानं बापाचं शेत विकायला लावतो. पैसे घेऊन पसार झालेल्यांच्या कहाण्या प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि मुलगा स्वतःच्या गुणांवर लागला तरी “माझ्यामुळे लागला” म्हणून पैसे ठेवून घेणारेही आहेत.

निवड झाल्यावर वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी होते. साक्षांकन नमुन्यात, म्हणजे स्वतःची माहिती लिहून द्यायच्या फॉर्ममध्ये, जुना गुन्हा लपवला तर लागलेली नोकरीही जाऊ शकते. माझ्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात हे सांगतो: मिरवणुकीतली मारामारी महागात पडेल.

“सहा महिने अकादमीत लेफ्ट-राइट.” शिपाई अकादमीत जात नाहीत. नाशिकची महाराष्ट्र पोलीस अकादमी उपनिरीक्षक आणि उपअधीक्षक घडवते. थेट उपनिरीक्षक व्हायचं तर पदवी आणि एमपीएससी लागते. शिपाई जातात अकोला, जालना, धुळे, सोलापूर, खंडाळा, तासगावजवळचं तुरची अशा प्रशिक्षण केंद्रांत, आणि त्यांचं मूलभूत प्रशिक्षण नऊ महिन्यांचं असतं. पहाटेची पीटी, कवायत, शस्त्र हाताळणी, गोळीबाराचा सराव हे मैदानावर. कायदा, तपास, पंचनामा, नोंदी हे वर्गात.

आणि हा वर्ग आता जड झालाय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे नवे फौजदारी कायदे लागू झाले. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) तज्ज्ञ घटनास्थळी यायला हवेत, तोवर जागा जशीच्या तशी राखायची. शिवाय आधीपासूनचे नियम आहेतच: सूर्यास्तानंतर महिलेला अटक अपवादानंच, तीही महिला अधिकाऱ्यानं, दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन. साक्षीदार म्हणून महिलेला ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जाऊन विचारायचं. बारावी पास झालेल्या पोरानं हे सगळं नऊ महिन्यांत, कवायतीनं अंग मोडलेलं असताना, आत्मसात करायचं आहे.

टीका करायची असेल तर माझ्या मते ती इथे करा. हे नऊ महिने कमी आहेत. रात्री दोन वाजता ११२ या मदत क्रमांकाला फोन जातो तेव्हा दारात पहिला पोचणारा बहुतेक वेळा शिपाईच असतो. आत नवरा पिऊन ओरडतोय, बाई कोपऱ्यात, पोरं जागी. कुणाशी आधी बोलायचं, कुणाला बाजूला घ्यायचं, बाईचं म्हणणं नवऱ्यासमोर विचारायचं की नाही, याचा सराव त्या पोराकडून किती वेळा करून घेतला जातो? हा प्रश्न गृहखात्याला विचारा. मीही तुमच्याबरोबर विचारीन.