कायोटी दिसला की पळू नका, मेल्याचं सोंगही घेऊ नका

आपल्या बे एरियाच्या (कॅलिफोर्निया) ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय, कायोटी (लांडग्याच्या कुळातला, कुत्र्यासारखा दिसणारा जंगली प्राणी) दिसला तर लगेच पळा आणि पळता नाही आलं तर मेल्यासारखं पडून रहा. प्लीज हे करू नका आणि पुढे पाठवू पण नका. पळणारी गोष्ट दिसली की त्याला पाठलाग करायचाच सुचतं, आणि मेल्याचं सोंग म्हणजे तर आपण होऊन त्याच्या उंचीला येणं, लहान मुलांनी असं केलं तर फारच वाईट.

करायचं एवढंच की ताठ उभं राहा, हात वर करून जोरात ओरडा (मराठीत ओरडलात तरी चालतं, आवाज मोठा हवा), त्याच्याकडे बघत हळूहळू मागे सरका, जवळ आलाच तर त्याच्या दिशेने काठी, बाटली काहीही फेका. छोटी मुलं आणि छोटा कुत्रा आधी उचलून घ्या.

फक्त एप्रिल मे नंतर पिल्लं असतात तेव्हा तो थोडं अंतर ठेवून मागे मागे येतो, आपल्याला बिळापासून लांब घालवायला, तिथे ओरडत न बसता शांतपणे निघून जा.

कायोटी माणसांना मारतात हेही त्या मेसेजमध्ये लिहिलंय. नोंद झालेले मृत्यू दोनच, १९८१ साली कॅलिफोर्नियात ग्लेनडेलला लहान मुलगी आणि २००९ मध्ये कॅनडात केप ब्रेटनला १९ वर्षांची तरुणी. चावे मात्र होतात, आणि बऱ्याचदा जिथे लोकांनी खायला घालून त्याची भीती घालवलेली असते तिथेच, त्यामुळे मागच्या अंगणात कुत्र्यामांजराचं खाणं रात्रभर ठेवू नका.