चालू संशोधन विद्यार्थ्यांसमोर कच्चंच मांडा

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ‘सध्याच्या संशोधनाची ओळख’ करून द्यायची म्हणून आपण जे करतो, त्यातलं बरंचसं त्यांना संशोधनापासून लांबच नेतं, असं माझं स्पष्ट मत आहे. भौतिकशास्त्र शिकवताना मी हे वर्षानुवर्षं पाहतेय. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रातले सहकारीही तेच सांगतात.

नेहमीची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. दर आठवड्याला नवा वक्ता, पाऊण तासात साठ स्लाइड. पहिल्या पाच स्लाइडमधलं मुलांना आधीच येत असतं आणि पुढचं वक्त्याला नि त्याच्या विषयातल्या दोघातिघांनाच कळतं. शेवटी ‘कुणाला काही विचारायचंय?’ आणि शांतता. मग एखादे ज्येष्ठ प्राध्यापक वक्त्याशी पाच मिनिटं बोलतात आणि कार्यक्रम आटोपतो. सत्र संपतं तेव्हा विद्यार्थ्याने पंधरा विषयांची नावं ऐकलेली असतात आणि मनाशी एकच गोष्ट पक्की केलेली असते, की हे आपल्या आवाक्यातलं नाही.

मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ही समजूत खोटी असते. पदवीपर्यंत आपण विज्ञान शिकवतो ते सगळं निवळल्यावरचं. वाद मिटलेले, चुकलेल्या वाटा पुसलेल्या, सूत्र चौकटीत बसलेलं. त्यानंतर चालू संशोधन दाखवायची वेळ येते तेव्हाही आपण तेच करतो. गेल्या महिन्यातलं काम घासूनपुसून, जणू काही ते पाठ्यपुस्तकातच होतं अशा थाटात मांडतो. मुलांना आत शिरायला फटच ठेवत नाही.

माझा आग्रह एवढाच आहे. निष्कर्ष थोडे दाखवा, पण एखादा दावा उभा राहताना किंवा कोसळताना अगदी सुरुवातीपासून दाखवा. मूळ शोधनिबंध, त्यावरचे आक्षेप, त्यानंतरची मोजमापं, सगळं. एका दाव्याला महिना लागला तर लागू दे.

उदाहरण म्हणून मी सर्वांत जास्त वापरलेलं प्रकरण सांगते. सप्टेंबर २०११ मध्ये ‘ऑपेरा’ या प्रयोगाच्या गटाने जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचतात. एवढं अंतर कापायला प्रकाशालाच सुमारे २.४ मिलीसेकंद लागतात, म्हणजे फरक लाखात अडीच भागांचा. सगळ्यांना हे प्रकरण ‘सैल केबल’ म्हणून आठवतं, कारण शेवटी चूक तिथेच निघाली. विद्यार्थ्यांनाही शेवट माहीत असतो आणि त्याने काही बिघडत नाही. मी त्यांना पहिला शोधनिबंध देते, चूक उघड होण्याच्या म्हणजे फेब्रुवारी २०१२ च्या आधीचा, आणि विचारते: ६० नॅनोसेकंद कुठेकुठे लपू शकतात?

आधी त्यांना हिशेब करायला लावते. ६० नॅनोसेकंदांत प्रकाश १८ मीटर जातो. मग अंतर मोजण्यात १८ मीटरची चूक झाली असेल का? शोधनिबंधात अंतराची अनिश्चितता सुमारे २० सेंटिमीटर दिली आहे, आणि ती कशी काढली तेही दिलं आहे. तो भाग वाचायला बसलं की भूमापन, उपग्रहांची घड्याळं, जमिनीखालच्या प्रयोगशाळेपर्यंत मोजमाप कसं न्यायचं, सगळं समोर येतं. अंतर सुटलं की मुलं घड्याळांकडे वळतात. डोंगरावरच्या जीपीएस यंत्रणेपासून आत प्रयोगशाळेपर्यंत आठ किलोमीटरहून लांब ऑप्टिकल फायबर आहे. त्यातून सिग्नल यायला किती वेळ लागतो, हे कुणी, कधी आणि कितीदा मोजलं? हा प्रश्न वर्गातून येतो. मला तो सुचवावा लागत नाही.

मग मी १९८७ च्या सुपरनोव्ह्याची, म्हणजे स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्याची, आठवण करून देते. तो तारा सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर होता. न्यूट्रिनो खरंच लाखात अडीच भाग जास्त वेगाने जात असते, तर ते प्रकाशाच्या चार वर्षं आधी आले असते. प्रत्यक्षात ते काही तास आधी आले, आणि त्याचंही कारण असं की प्रकाशाला ताऱ्याच्या फुटणाऱ्या थरांतून बाहेर पडायला वेळ लागतो. दहा मिनिटांचा गुणाकार आहे हा. तो जमला की विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जो फरक दिसतो, त्यासाठी मी हा विषय शिकवते. आणि वर्गात कुणीतरी हमखास विचारतं, ‘पण त्या न्यूट्रिनोंची ऊर्जा सर्नच्या न्यूट्रिनोंपेक्षा खूपच कमी होती ना? मग तुलना चालेल का?’ बरोबर! नेमका हाच मुद्दा तेव्हा शास्त्रज्ञ मांडत होते. म्हणजे एम.एस्सी.ची मुलगी त्या वादात आत उभी आहे, बाहेरून बघत नाही.

पुढचे शोधनिबंध त्यानंतर देते. काही दिवसांतच कोहेन आणि ग्लॅशो यांनी दाखवलं की इतक्या वेगाच्या न्यूट्रिनोंनी वाटेतच आपली बरीचशी ऊर्जा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या बाहेर टाकून गमावली असती, आणि तसं काही दिसत नाही. ऑपेराने स्वतःच आखूड स्पंदांनी (न्यूट्रिनोंचे अगदी छोटे झोत वापरून) प्रयोग पुन्हा केला आणि उत्तर तेच आलं. हा टप्पा मला फार मोलाचा वाटतो. पुन्हा मोजलं, तेच आलं, तरी चूक होतीच, कारण चूक मोजमापाच्या त्या भागात होती जो दोन्ही वेळा सारखाच होता. फायबरचा कनेक्टर पूर्ण बसलेला नव्हता आणि त्याने सत्तरएक नॅनोसेकंदांचा घोटाळा केला होता. घड्याळाच्या यंत्रणेत दुसरा एक दोषही सापडला, तो उलट दिशेने काम करत होता. मार्च २०१२ मध्ये त्याच डोंगराखालच्या ‘इकॅरस’ या दुसऱ्या प्रयोगाने अवघ्या सात न्यूट्रिनोंवरून सांगितलं की वेग प्रकाशाइतकाच आहे.

पद्धतशीर त्रुटी (कितीदाही मोजलं तरी तशीच राहणारी चूक) म्हणजे काय, हे मी व्याख्या देऊन कितीही सांगितलं असतं तरी इतकं रुतलं नसतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी गांभीर्याने घेते. चुका दाखवल्या तर मुलांचा विज्ञानावरचा विश्वास उडेल, असं काही सहकाऱ्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. मात्र फक्त कोसळलेले दावे दाखवून थांबू नये, हे मला मान्य आहे. टिकलेला दावा का टिकला, हेही तितक्याच बारकाईने दाखवायला हवं.

त्यासाठी गुरुत्वीय लहरींसारखं, म्हणजे अवकाश-काळात उमटणाऱ्या तरंगांसारखं, उदाहरण नाही. १४ सप्टेंबर २०१५ ला या लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेच्या दोन्ही यंत्रांत सिग्नल आला, तो जाहीर झाला ११ फेब्रुवारी २०१६ ला. मधले पाच महिने काय चाललं होतं, ते विद्यार्थ्यांना सांगा. त्याही आधीचं सांगा. सप्टेंबर २०१० मध्ये मोजक्या माणसांनी यंत्रात गुपचूप एक खोटा सिग्नल घातला होता. बाकी शेकडो शास्त्रज्ञांनी कित्येक महिने त्याचं विश्लेषण केलं, शोधनिबंध लिहून तयार ठेवला, आणि २०११ च्या मार्चमध्ये खरं काय ते लिहून ठेवलेलं पाकीट उघडल्यावर कळलं की ती परीक्षा होती. स्वतःला असं पारखून घेतलेल्या गटाच्या दाव्याचं वजन किती, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय त्या सिग्नलचा डेटा सर्वांना खुला आहे. साध्या लॅपटॉपवर गोंगाट गाळला की सुमारे ०.२ सेकंदांचा, ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा तो सूर विद्यार्थी स्वतः काढू शकतो. सव्वा अब्ज प्रकाशवर्षांहून दूरच्या दोन कृष्णविवरांची टक्कर त्याने स्वतःच्या हाताने आलेखावर आणलेली असते.

जीवशास्त्रातही हाच धागा सापडतो. प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या अल्फाफोल्डबद्दल सगळे बोलतात. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला अर्धा वाटाही त्या कामाला मिळाला. पण त्यामागची ‘कॅस्प’ ही स्पर्धा किती विद्यार्थ्यांना माहीत असते? १९९४ पासून दर दोन वर्षांनी ती भरते. प्रयोगाने काढलेली पण अजून प्रसिद्ध न झालेली रचना ठेवायची आणि स्पर्धकांनी ती न पाहता ओळखायची. २०२० मध्ये अल्फाफोल्डने तिथे बाजी मारली म्हणून जगाने विश्वास ठेवला. माझं सुचवणं असं की विद्यार्थ्याला त्याच्या आवडीचं एखादं प्रथिन घ्यायला सांगा आणि अल्फाफोल्डच्या चित्रात जे भाग नारिंगी रंगात आहेत, म्हणजे ज्यांच्याबद्दल प्रणाली स्वतःच साशंक आहे, तिथे बोट ठेवायला सांगा. ते भाग खरोखरच मोकळे, विस्कळीत असतात की फक्त प्रणालीला जमले नाहीत? इथून पुढे संशोधन सुरू होतं.

रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञानासाठी २०२३ चं एलके-९९ या पदार्थाचं प्रकरण चांगलं आहे. सामान्य तापमानाला अतिवाहकता, म्हणजे अजिबात रोध न होता वीज वाहणं, मिळाल्याचा दावा जुलैमध्ये प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीचा शोधनिबंध) म्हणून आला. पदार्थ बनवायची कृती साधी होती, त्यामुळे जगभर लोकांनी लगेच करून पाहिलं. काही आठवड्यांत उलगडलं की साधारण १०४ अंश सेल्सियसला रोध एकदम घसरतो तो नमुन्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडच्या अवस्थांतरामुळे. हे अवस्थांतर कित्येक दशकांपूर्वीच्या साहित्यात नोंदलेलं होतं. शुद्ध स्फटिक बनवल्यावर तो चक्क विद्युतरोधक निघाला. जुनं साहित्य कशासाठी वाचायचं, या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

आणि मग एखादा असा प्रश्न हवाच, ज्याचं उत्तर शिकवणाऱ्यालाही माहीत नाही. मी विश्वाच्या प्रसरणाचा वेग घेते. महास्फोटानंतर उरलेल्या प्राचीन सूक्ष्मलहरी प्रारणावरून हा वेग सांगणारा हबल स्थिरांक सुमारे ६७ येतो, अंतर मोजायला उपयोगी पडणारे सेफिड तारे आणि सुपरनोव्हा वापरले की सुमारे ७३. एकक किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं). दोन्ही बाजूंनी अनिश्चितता आता इतकी कमी आहे की हा फरक सहजासहजी योगायोगावर ढकलता येत नाही. जेम्स वेब दुर्बिणीने सेफिडची मोजमापं तपासली तरी प्रश्न मिटला नाही. मी वर्गाचे दोन भाग करते. प्रत्येकाने एका बाजूचे शोधनिबंध वाचून यायचं आणि समोरच्याच्या मोजमापातली सर्वांत कच्ची जागा दाखवायची, नंतर आपल्याही. विद्यार्थी मला विचारतात, ‘मॅडम, खरं कोणतं?’ आणि मला माहीत नसतं. ते त्यांना कळतं, तेव्हा वर्गातलं वातावरण बदलतं. पहिल्यांदाच ते माझ्या शेजारी असतात.

वाचायचं कसं, हेही कुणी शिकवत नाही. अर्काइव्ह हे शोधनिबंधांचं खुलं ऑनलाइन भांडार १९९१ मध्ये सुरू झालं, आज तिथे महिन्याला वीस हजारांहून अधिक नवे शोधनिबंध येतात. ‘वाचत राहा’ हा सल्ला या पुरात निरुपयोगी आहे. मी म्हणते, आधी आकृत्या बघा, आकृतीखालचा मजकूर वाचा आणि लेखकांनी काय मोजलं ते स्वतःच्या एका वाक्यात लिहा. मग पद्धतीचा भाग. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, कारण तिथे लेखक तुम्हाला पटवत असतात. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काढलेला सारांश आधी वाचू नका, याबाबत मी कडक आहे. सारांशात दावा राहतो आणि ‘मात्र’, ‘जर’, ‘या मर्यादेत’ ही सगळी वाक्यं गळतात. शिकायचं असतं ते त्या वाक्यांतच.

सेमिनार बंद करा असं मी म्हणत नाही. एक नियम मात्र घालावा: पहिले तीन प्रश्न विद्यार्थ्यांचे, तोवर प्राध्यापकांनी गप्प राहायचं. सुरुवातीला ती शांतता अवघड जाते. जाऊ दे. ‘तुमच्या तिसऱ्या आलेखातला उभा अक्ष कशाचा आहे?’ हा प्रश्नही पूर्णपणे योग्य आहे, आणि बहुतेक वेळा तो सभागृहातल्या निम्म्या लोकांना पडलेला असतो.

वेळ कुठून आणायचा, अभ्यासक्रम पुरा होत नाही, हे मलाही दिसतं. पण जिथे ही ओळख खरोखर चांगली झाली, तिथे वेळ दिला गेला होता. माक्स डेलब्रुक हा मुळात भौतिकशास्त्रज्ञ. त्याने १९४५ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरला जीवाणूभक्षी विषाणूंवर उन्हाळी अभ्यासवर्ग सुरू केला, त्यातून भौतिकशास्त्राची माणसं स्वतः प्रयोग करत जीवशास्त्रात आली आणि रेण्वीय जीवशास्त्राची एक पिढी घडली. सेसील डविट-मोरेट यांनी १९५१ मध्ये फ्रान्सच्या डोंगरात ले झूश इथे उन्हाळी शाळा काढली, तिथे तरुण विद्यार्थी कित्येक आठवडे त्या त्या विषयातल्या अग्रणी लोकांबरोबर राहत. व्याख्यानाइतकंच फळ्यापाशी नंतर चाललेलं बोलणं महत्त्वाचं. आपल्याला डोंगर मिळेलच असं नाही, पण पंधरा वक्त्यांऐवजी चार बोलावून प्रत्येकाला दोन दिवस ठेवून घेणं कोणत्याही विभागाला शक्य आहे. त्यातला एक दिवस वक्त्याने न जमलेल्या प्रयोगांवर बोलावं, डेटासकट.

येत्या सत्रासाठी मी अशीच प्रकरणं जमवतेय. भौतिकशास्त्राबाहेर माझा संग्रह तोकडा आहे. भूशास्त्र, परिसंस्थाशास्त्र किंवा चेताविज्ञानातलं असं एखादं प्रकरण तुम्हाला माहीत असेल, ज्यात पहिला दावा, आक्षेप आणि नंतरची मोजमापं असे तिन्ही शोधनिबंध खुले उपलब्ध आहेत आणि एम.एस्सी.चा विद्यार्थी महिनाभरात ते वाचू शकेल, तर मला नक्की कळवा.