रेज्जो कुणी पेटवलं?

‘राजधानी आम्हालाच हवी, या मानापानापायी १९७० साली फॅसिस्टांनी इटलीतलं रेज्जो कॅलाब्रिया शहर सात महिने पेटतं ठेवलं. शेवटी सरकारनं तोडगा काढला आणि विषय मिटला.’ हा मजकूर हल्ली जो तो पुढे पाठवतोय. मला तो सहन होत नाही, कारण त्यात एका अख्ख्या शहराची बोळवण केली आहे.

आधी ‘फॅसिस्टांनी’ हा शब्द घेऊ. जून १९७० मध्ये इटलीतल्या बहुतेक प्रांतांच्या पहिल्या निवडणुका झाल्या आणि दक्षिणेकडच्या कॅलाब्रिया प्रांताची राजधानी कातांझारो शहराला जाणार हे स्पष्ट झालं. रेज्जो त्याहून बरंच मोठं शहर. ५ जुलैला भर सभेत हा प्रश्न लोकांपुढे मांडला तो महापौर बात्ताल्या यांनी, आणि ते सत्ताधारी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे होते. पुढच्या आठवड्यात संप झाला, पोलिसांशी चकमकी झाल्या आणि १५ जुलैला पहिला बळी गेला. ब्रुनो लाबाते, रेल्वे कामगार, डाव्या कामगार संघटनेचा सभासद. हा माणूस फॅसिस्ट होता का?

नवफॅसिस्ट कामगार नेता चिच्चो फ्रांको आणि त्याची ‘माघार घेईल तो नीच’ ही फॅसिस्ट राजवटीतली घोषणा आंदोलनावर स्वार झाली, हे खरंच आहे. १९७२ मध्ये तो नवफॅसिस्ट पक्षातर्फे सिनेटवर निवडूनही गेला. बॉम्बही फुटले. २२ जुलैला रेज्जोच्याच जिल्ह्यातल्या जोया ताउरोजवळ पालेर्मो–तुरिन गाडी घसरून ६ माणसं मेली. तपासात आधी दोष रेल्वे कर्मचाऱ्यांवर ढकलला गेला; तो घातपात होता हे मान्य व्हायला कित्येक वर्षं लागली. यातलं काहीच झाकायचं नाही. पण कम्युनिस्ट पक्षानं आणि मोठ्या कामगार संघटनांनी रस्त्यावर उतरलेल्या रेज्जोच्या लोकांकडे पाठ फिरवली, म्हणून तर फ्रांकोला मैदान मोकळं मिळालं.

आता ‘मानापान’. १९०८ च्या भूकंपात रेज्जो जमीनदोस्त झालं होतं. त्यानंतर निवाऱ्यासाठी उभ्या केलेल्या लाकडी बराकींत साठ वर्षांनंतरही कुटुंबं राहत होती. कारखाने नाहीत, तरुण पोरं उत्तरेतल्या तुरिन-मिलानच्या गाडीत बसून निघून जात. अशा गावात राजधानी म्हणजे कचेऱ्या, कचेऱ्या म्हणजे पगार. रेज्जोच्या स्बारे वस्तीतल्या बायाबापड्यांनी घरातलं सामानसुमान रस्त्यावर आणून अडथळे रचले, ते झेंड्यावरच्या चिन्हासाठी नव्हे.

राहिला तोडगा. फेब्रुवारी १९७१ मध्ये चिलखती गाड्या स्बारेत शिरल्या. पंतप्रधान कोलोंबोंच्या योजनेत कातांझारोला राजधानी आणि प्रांताचं मंत्रिमंडळ, रेज्जोला विधिमंडळ, कोझेंझाला विद्यापीठ अशी वाटणी झाली. वर रेज्जोच्या जिल्ह्याला दोन मोठे कारखाने द्यायचं ठरलं. सालीनेचा रासायनिक कारखाना बांधून झाला आणि जवळजवळ लगेच बंद पडला. जोया ताउरोच्या पोलाद कारखान्यासाठी संत्र्यांच्या आणि ऑलिव्हच्या बागा तोडल्या, एरानोव्हा नावाचं गाव उठवून पाडलं. कारखाना आलाच नाही. त्याच्यासाठी खोदलेल्या बंदरात पहिली कंटेनर जहाजं लागली ती १९९५ मध्ये.