एका मताची रात्र आणि दादाचा मेसेज

दादाचा मेसेज आला तेव्हा मी फार्मसीचं शटर वर करत होते. कराडच्या घरच्या ग्रुपवर त्याने लिहिलं होतं, "१९७९ साली ब्रिटनमध्ये सरकार एका मताने पडलं. एक खासदार फुटला नाही, एकालाही हॉटेलात नेऊन ठेवावं लागलं नाही. त्यांच्या रक्तातच शिस्त आहे. आपली लोकशाहीची लायकीच नाही. व्हिप मोडणाऱ्याला जन्मभर निवडणूक बंद करा, तरच सुधारू." खाली काका, वहिनी, दोन्ही भाचे, सगळ्यांचे अंगठे. दिवसभर औषधं भरताना ते वाक्य डोक्यातून जाईना.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. त्याच्याशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नाही. पण मी २६ वर्षं इंग्लंडमधल्या मॉर्लीत राहते, आणि तो ज्या एका मताबद्दल बोलतो ते मत आमच्या इथलं होतं.

त्या वेळी या मतदारसंघाचं नाव बॅटली अँड मॉर्ली होतं. सर आल्फ्रेड ब्रॉटन हे डॉक्टर इथून १९४९ पासून मजूर पक्षाचे खासदार. शेजारच्या आजी सांगतात, घरातले सगळे त्यांनाच मत द्यायचे, विचारायचा प्रश्नच नसायचा. २८ मार्च १९७९ ला मजूर पक्षाचे पंतप्रधान कॅलहन यांच्या सरकारवर हुजूर पक्षाच्या नेत्या मार्गारेट थॅचर यांनी अविश्वास ठराव आणला तेव्हा ब्रॉटन मरणाच्या दारात होते. यायला तयार होते, पण अँब्युलन्समधून लंडनपर्यंत नेताना वाटेतच काही होईल अशी धास्ती होती. कॅलहन यांनी त्यांना आणायचं नाही असं ठरवलं.

आता मजूर पक्षाचे उपमुख्य प्रतोद होते वॉल्टर हॅरिसन, आमच्या शेजारच्या वेकफील्डचे. ते विरोधी बाजूच्या उपमुख्य प्रतोदांकडे, बर्नार्ड वेदरिल यांच्याकडे गेले. आजारी माणसाच्या बदल्यात समोरच्याही एकाने मतदानाला यायचं नाही, असा दोन्ही पक्षांत तोंडी रिवाज असे. वेदरिल म्हणाले, अशा मतदानाला माझा एकही माणूस बाहेर राहायचा नाही, पण शब्द दिलेला आहे तर मी स्वतः मत देत नाही. म्हणजे त्या माणसाने आपलं राजकारण संपवायची तयारी दाखवली. हॅरिसन यांनी त्यांना शब्दातून मोकळं केलं. रात्री मतं मोजली गेली, ३११ विरुद्ध ३१०. सरकार गेलं. पाच दिवसांनी ब्रॉटनही गेले. वेदरिल दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्यात होते, आणि पुढे १९८३ मध्ये सभापती झाले.

ही गोष्ट मी कितीदा वाचली तरी मला भरून येतं. दादालाही ती आवडते. पण तो ती अर्धीच सांगतो.

त्या रात्रीपर्यंत सरकारपक्ष मतं गोळा करत फिरत होता. वेल्सच्या प्लाइड कम्री पक्षाची तीन मतं सरकारला मिळाली ती फुकट नाही. स्लेटच्या खाणीत धूळ खाऊन ज्यांची फुप्फुसं गेली त्या कामगारांना भरपाई देणारा कायदा, ही त्यांची किंमत होती. तो कायदा झालाही. घासाघीस तिथेही होती, दादा. फक्त किंमत काय ते चारचौघांत सांगता येण्यासारखं होतं, आणि ती खाणकामगाराच्या घरी पोचली.

आणि एका मताने सरकार पडणं आपल्याला काय नवीन आहे? १७ एप्रिल १९९९. मला इथे येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. पाच पौंडांचं फोनकार्ड खरवडून मी घरी फोन लावला, तर दादा नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाला, "२६९–२७०. वाजपेयींचं गेलं." पंतप्रधान मुकाट्याने राजीनामा द्यायला गेले. आपल्या लोकांचाही तो दिवस होता. त्या दिवसाचा अभिमान दादाच्या मेसेजमध्ये का नाही, हे मला समजत नाही.

व्हिप मोडणाऱ्याला जन्मभर बंदी, हे मात्र मला अजिबात मान्य नाही, आणि ते मी त्याला सरळ लिहिलं. २८ ऑक्टोबर १९७१ ला हुजूर पक्षाचे पंतप्रधान हीथ यांनी युरोपच्या समूहात जायचा ठराव मांडला. विरोधात मत द्या, असा मजूर पक्षाचा कडक व्हिप होता. पक्षाचे ६९ खासदार रॉय जेन्किन्स यांच्यामागे उभे राहिले आणि व्हिप मोडून हीथ यांच्या बाजूने मत देऊन आले. हीथ यांचे स्वतःचे ३९ विरोधात गेले, पण त्यांच्यावर व्हिप नव्हता. ठराव ११२ मतांनी पास झाला. जेन्किन्स त्या वेळी मजूर पक्षाचे उपनेते होते. कुणाची खासदारकी गेली नाही. दादाचा कायदा असता तर एका रात्रीत ती ६९ माणसं जन्मभरासाठी बाद झाली असती, आणि तीही पदासाठी नाही, तर त्यांना देशाच्या हिताचं वाटलं म्हणून मत दिलेली.

आपण १९८५ मध्ये पक्षांतरबंदी आणली. तेव्हा एक तृतीयांश बाहेर पडले तर चालत होतं, २००३ मध्ये ती पळवाट बंद झाली, दोन तृतीयांशांची राहिली. त्याचा अर्थ मला तरी असाच लागतो की एकट्याने 'नाही' म्हणालात तर घरी जा, आणि झुंडीने गेलात तर चर्चा करू. मग २०२२ मध्ये आमदार आधी सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, यात नवल ते काय? आपल्या आमदारापुढे दोनच वाटा ठेवल्यात, मान डोलवा नाहीतर पक्ष फोडा. पक्षात राहून पक्षाशी भांडायची वाटच बुजवून टाकली.

ती वाट इथे कशी होती ते मला रोज काउंटरवर दिसतं. परवा चाळिशीचा एक माणूस तीन औषधांचं हिरवं प्रिस्क्रिप्शन घेऊन आला. एका औषधाचे ९ पौंड ९० पेन्स. त्याने कागद माझ्याकडे सरकवला आणि हळूच विचारलं, "यातलं नक्की कुठलं लागतंच?" असं विचारणारे आठवड्याला दोन-तीन तरी येतात, आणि दर वेळी माझ्या पोटात कालवतं. हे पैसे घ्यावेत की नाहीत, यावर मजूर पक्ष आतून दुभंगला होता. १९५१ मध्ये ॲटली यांच्या सरकारने शस्त्रास्त्रांचा खर्च वाढला म्हणून दातांच्या कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क लावलं. फुकट आरोग्यसेवा ज्याने उभी केली तो अन्युरिन बेव्हन मंत्रिमंडळातून बाहेर पडला. त्याच्याबरोबर पस्तिशीचा हॅरल्ड विल्सन. दोघेही पक्षात राहिले, पक्षाशी भांडत राहिले. पुढे विल्सन पक्षाचे नेते झाले, १९६४ मध्ये पंतप्रधान झाले. १९६५ मध्ये त्यांनी मधल्या काळात आलेलं औषधांवरचं शुल्क काढून टाकलं. १९६७ मध्ये पौंड घसरवावा लागला, आणि १९६८ मध्ये त्याच विल्सन यांनी ते परत लावलं. मला त्याचा राग येतो, आजही. पण राजीनामा देणारा माणूस संपला नाही, त्याला दुसरा पक्ष शोधावा लागला नाही, हे मला त्यापेक्षा मोठं वाटतं. आणि १९८१ मध्ये मजूर पक्ष सोडून जे वेगळे झाले, त्यांतल्या बहुतेकांना १९८३ च्या निवडणुकीत लोकांनीच घरी बसवलं. त्यासाठी कायदा लागला नाही.

राहिला 'रक्तातच' हा शब्द. तो मला सगळ्यात जास्त टोचला. एप्रिल १९६८ मध्ये बर्मिंगहॅमला इनॉक पॉवेल यांनी आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध जे भाषण केलं ते इथे आजही रक्ताच्या नद्यांचं भाषण म्हणूनच ओळखलं जातं. हीथ तेव्हा विरोधी पक्षनेते होते; दुसऱ्याच दिवशी त्यांनी पॉवेल यांना आपल्या छाया मंत्रिमंडळातून काढलं. आणि त्यानंतर दोन दिवसांनी लंडनचे गोदी कामगार पॉवेल यांच्या बाजूने मोर्चा घेऊन संसदेवर गेले. शिस्तीचं म्हणतोस ते रक्त हेच. माझी मुलगी दुसरीत असताना तिला बसमध्ये एक बाई "घरी जा" म्हणाली होती. ते मी कराडला कुणालाच सांगितलं नाही. इथे कुणी भारताला नावं ठेवली की मी तावातावाने भांडते, आणि घरी फोन केला की इथल्या खासदाराच्या शनिवारच्या 'सर्जरी'चं, म्हणजे लोकांच्या अडचणी ऐकायच्या बैठकीचं, कौतुक करते, आईच्या व्हिसासाठी त्याने स्वतः पत्र कसं लिहिलं ते सांगते. दोन्हीकडे मी अर्धंच सांगते. मग दादाने अर्धं सांगितलं तर मला एवढं का लागावं?

हे सगळं मी त्याला लिहिलं नाही. लिहिलं ते व्हिपपर्यंतच. त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं. "इथे शेवटचं मत कधी दिलंस?"

भारतीय पासपोर्टवर मी इथे मॉर्लीत मत दिलं, जून २००१ मध्ये, चर्चच्या हॉलमध्ये, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने. कॉमनवेल्थच्या नागरिकाला इथे तो हक्क आहे. कराडच्या यादीत परदेशातून नाव लावता येऊ लागलं तेव्हा मी ते लावलं नाही. मत द्यायला तिथेच जावं लागतं, रजा मिळत नाही, विमानाचं तिकीट परवडत नाही, ही कारणं मी स्वतःला दिली. ती खरी होती. पण दिवाळीला रजाही मिळत होती आणि तिकीटही परवडत होतं. २०१४ मध्ये इथला पासपोर्ट घेतला आणि तो प्रश्नच मिटला. लग्नात, बारशात, वादात मी कराडची राहिले. यादीत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी टाइप केलं, "फेब्रुवारी १९९८. नगरपालिकेची शाळा, आई पुढे, मी मागे."

तिकडे पहाटेचे साडेतीन वाजले असणार. तरी लगेच दोन निळ्या खुणा आल्या. मग त्याने लिहिलं, "रांगेत आईची चप्पल तुटली होती. माझी घालून आत गेली."