गोव्याचा पत्ता, म्हणून खोली नाही!

दक्षिण गोव्यातल्या काणकोणहून कामासाठी उत्तर गोव्यातल्या म्हापशाला आलेल्या माणसाची परतीची शेवटची बस चुकली, की परवडणारा निवारा म्हणून जवळच्या हणजूण-वागातोर किनाऱ्यांकडची हॉस्टेले शोधावी लागतात. आणि तिथे अनेकदा आगाऊ पैसे भरून पक्के केलेले आरक्षणसुद्धा आधारकार्डावर गोव्याचा पत्ता दिसताच ‘स्थानिकांना देत नाही’ असे सांगून नाकारले जाते. ओळखपत्र जरूर तपासावे, वहीत नोंदही करावी, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु केवळ पत्ता पाहून माणूस बेभरवशाचा ठरवणे संतापजनक आहे. पाठीवर सॅक घेऊन काउंटरपुढे ताटकळत ‘पैसे आठवड्याभरात परत येतील’ हे ऐकायचे, आणि मागच्या अंगणात, रात्री १० नंतर उघड्यावर मनाई असलेला ध्वनिवर्धक खुशाल दणाणत असतो! निदान पैसे घेण्यापूर्वी ही अट ठळक अक्षरांत सांगा.