महापौर निवडताना मतदाराला विचारतो कोण?

महानगरपालिकेची निवडणूक जाहीर झाली की ‘आपला हक्क बजावा’ अशी आवाहने करणारे फलक चौकाचौकांत लागतात आणि वृत्तवाहिन्यांवर रात्रंदिवस एकाच प्रश्नाचा काथ्याकूट सुरू होतो, तो म्हणजे महापौर कोणाचा होणार. मात्र या प्रश्नाचे उत्तर ठरवण्यात महाराष्ट्रातील सामान्य मतदाराचा थेट सहभाग शून्य आहे, हे त्याला कोणीही स्पष्टपणे सांगत नाही. शहराचा प्रथम नागरिक म्हणून जिला किंवा ज्याला मिरवले जाते, त्या व्यक्तीच्या निवडीत उरलेल्या लाखो नागरिकांना काडीचीही किंमत नसावी, याचा मला मनस्वी संताप येतो.

आपण मत देतो ते नगरसेवकांना. निवडून आलेले नगरसेवक विशेष सभेत हात वर करून आपल्यातीलच एकाला अडीच वर्षांसाठी महापौर करतात. तो हातसुद्धा त्यांच्या मनाने वर होत नाही, कारण पक्षादेश मोडला तर पद जाण्याची टांगती तलवार डोक्यावर असते आणि नाव आधीच पक्षाच्या वरिष्ठांनी ठरवलेले असते. मतदान आणि महापौराची निवड यांच्या मधल्या दिवसांत तर नगरसेवकांना हॉटेलांत नेऊन ठेवण्यापर्यंत मजल जाते. ज्यांना आपण गल्लीतल्या गटारापासून पाण्याच्या टाकीपर्यंतची कामे करण्यासाठी निवडून दिले, ते निकालानंतर आपला फोनही उचलत नाहीत.

याहून चीड आणणारी गोष्ट आरक्षण सोडतीची आहे. महापौरपदाला आरक्षण असावे, याबद्दल माझे दुमत नाही. ते असलेच पाहिजे. पण राज्यातील २९ महानगरपालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले, मतमोजणी १६ जानेवारीला झाली आणि महापौरपद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव आहे याची सोडत निघाली २२ जानेवारीला. म्हणजे मत देताना महापौर महिला असणार की पुरुष, कोणत्या प्रवर्गातील असणार, हे कोणालाच माहीत नव्हते. एखाद्या पक्षाने प्रामाणिकपणे ‘हा आमचा महापौरपदाचा उमेदवार, याच्या कामाकडे पाहून मत द्या’ असे सांगायचे ठरवले असते, तरी त्याला ते शक्य नव्हते. नगरपरिषदांच्या नगराध्यक्षपदाची सोडत मतदानाच्या आधी निघते, मग महापौरपदाची का निघू नये? यात कसलीही तांत्रिक अडचण नाही. मतदाराला माहिती असण्याची कोणाला गरजच वाटत नाही, इतकेच.

त्यात भर बहुसदस्यीय प्रभागांची. मुंबईत २२७ प्रभाग आणि प्रत्येकी एक नगरसेवक अशी सुटसुटीत रचना आहे. पुण्यात मात्र १६५ नगरसेवक अवघ्या ४१ प्रभागांतून निवडून येतात. बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा, चार मते आणि चारही जागांसाठी बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. आमच्या केंद्रावर एका वृद्ध बाईंनी ओळखीच्या उमेदवारापुढचे बटण दाबले आणि त्या बाहेर निघाल्या. यंत्राचा आवाज आला नाही म्हणून अधिकारी ओरडले, “आजी, अजून तीन बटणं राहिलीत!” त्या बिचाऱ्या गोंधळून परत आत गेल्या. त्यांना वरची-खालची कोणती तरी तीन बटणे दाबून सुटका करून घ्यावी लागली असेल, तर तो दोष त्यांचा नाही. कोणीच पसंत नसेल तर त्या जागेपुरते ‘नोटा’ दाबता येते, हे त्यांना आधी कोणी समजावून सांगितले होते?

आणि हे सगळे यादीत नाव असेल तर. या निवडणुकीसाठी विधानसभेची १ जुलै २०२५ ची यादी वापरली गेली आणि तीच प्रभागनिहाय फोडली गेली. माझी भाची ऑगस्टमध्ये अठरा वर्षांची झाली. मतदान जानेवारीत असूनही तिला मत देता आले नाही. यादी फोडताना आमच्या इमारतीतील काही नावे रस्त्यापलीकडच्या प्रभागात गेली. प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकत घेण्याची सोय असते, म्हणून मी अर्ज घेऊन कार्यालयात गेलो, तर खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने विचारले, “तिकडे जाऊन मत दिलं तर काय बिघडतं?” बिघडते ते हे, की ज्या नगरसेवकाकडे माझ्या रस्त्याची तक्रार न्यायची, त्याला निवडण्याचा अधिकारच माझ्याकडे राहत नाही. मतदार म्हणून हातात उरलेली एकमेव गोष्टही इतक्या बेफिकिरीने हाताळली जाते.

मुळात ही निवडणूक तरी वेळेवर कुठे झाली? २०१७ मध्ये निवडून आलेल्या मुंबई आणि पुण्याच्या सभागृहांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावरच मतदानाचा दिवस उजाडला.

थेट निवडणूक अव्यवहार्य आहे, असे कोणी सांगू लागले तर माझा संयम सुटतो. इंदूरमध्ये कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. तिथल्या मतदाराने २०२२ मध्ये आपला महापौर थेट मत देऊन निवडला. लखनऊचा मतदारही निवडतो. आपल्याच राज्यात नगरपरिषदांचे नगराध्यक्ष २०१६ मध्ये थेट निवडले जाऊ लागले, २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. प्रत्येक सरकारने आपल्या सोयीने नियम फिरवले. तरीही आज छोट्या गावातील मतदार नगराध्यक्ष निवडू शकतो आणि महानगरातील मतदार महापौर निवडू शकत नाही, याचे समर्थन कोणत्या तोंडाने करणार? महापौर एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे झाले तर कारभार अडतो, ही शंका खोटी नाही; पण तिच्यावरचा उपाय अधिकारांची स्पष्ट वाटणी हा आहे, मतदाराला बाजूला सारणे हा नव्हे. तसेही कारभाराच्या चाव्या राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडेच असतात.

कायदा बदलेपर्यंत निदान दोन गोष्टी तरी ताबडतोब व्हायला हव्यात. महापौरपदाची सोडत उमेदवारी अर्ज भरण्यापूर्वी काढावी आणि प्रत्येक पक्षाला आपल्या महापौरपदाच्या उमेदवाराचे नाव मतदानापूर्वी जाहीर करण्याचे बंधन घालावे. पुढची अडीच वर्षांची सोडत निघण्याआधी हा प्रश्न आपापल्या नगरसेवकाला आणि आमदाराला लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच मागा.