समुद्र दाराशी असला म्हणून रीफ टँक फुकट होत नाही

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: कोकणातल्या माणसाने रीफ टँकवर, म्हणजे जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीवर, पैसे घालवू नयेत. ओहोटीला खडकावरून प्रवाळाचा तुकडा काढा, कॅनभर समुद्राचं पाणी आणा, रंगावरून जात ओळखा, भरपूर लाइट आणि रोज खाणं द्या. दगडावर घाण असेल तर उकळून घ्या. इथले प्रवाळ काटक आहेत, मरत नाहीत.

तुकडा काढण्यापासूनच सुरुवात करू. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि पंख्यासारखे गॉर्गोनियन २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. म्हणजे वाघाच्या पंक्तीला. शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा शोकेसमध्ये ठेवायला नेला, तरी सुटका नाही. छंदातला फ्रॅग वेगळा: टाकीत वाढलेल्या प्रवाळाचा कापून प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, चिकटवलेला तुकडा. दुकानदार ‘बाहेरून आलाय’ म्हणाला तरी कागद मागा, आणि दगडी जातींच्या वाटेला जाऊच नका. मशरूम, झोअँथस, लेदर या मऊ, दगडी सांगाडा नसलेल्या जातींवर टाकी सुरेख भरते.

कोणती जात चालते आणि कोणती नाही हे ओळखता यायला हवं, म्हणूनच रंगावरून ओळखायचा सल्ला घातक आहे. दुकानातल्या निळ्या एलईडीखाली सगळंच हिरवं-नारिंगी चमकतं, आणि तोच फ्रॅग घरी मंद प्रकाशात किंवा खतावलेल्या पाण्यात तपकिरी पडतो. पांढरा लाइट लावायला सांगा आणि भिंग घ्या. झोअँथसची चकती सपाट, कडेला आखूड शुंडकांच्या दोन ओळी. पॅलिथोआ त्याच्यासारखाच दिसतो, पण अंगात वाळू रुतवून घेतो, त्यामुळे जवळून खरखरीत दिसतो. मशरूमला सांगाडा नसतो. तशाच गोल चकतीखाली कडक, पात्या-पात्यांची तबकडी दिसली, तर तो फंजिया, म्हणजे दगडी प्रवाळ. फेव्हाइट्स आणि डिप्सॅस्ट्रिया हेही दगडीच: फेव्हाइट्समध्ये शेजारच्या दोन पॉलिपांत (प्रवाळातल्या एकेका जिवात) भिंत एकच, डिप्सॅस्ट्रियात प्रत्येकाची आपापली. आणि मऊ म्हणजे कायद्यातून मोकळा, असंही समजू नका. गॉर्गोनियन हाताला लवचिक लागतो, तरी अनुसूचीत आहे.

आता पाणी, म्हणजे मेसेजमधला सगळ्यांत पटणारा मुद्दा. टाकीला क्षारता साधारण ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) हवी आणि ती हलता कामा नये. पावसात गड आणि कर्ली नद्या भरून वाहतात, तेव्हा किनाऱ्यालगतचं पाणी चांगलंच गोडसर होतं. थंडीत कधीकधी नॉक्टिल्युका या सूक्ष्म जिवाने लाटा रात्री चमकतात, तेही पाणी टाकीत नको. जेटीजवळच्या पाण्यात डिझेल असतं, हे मी सांगायला नको. उन्हाळ्यात बोटीने आत जाऊन आणलेलं पाणी गाळून, रिफ्रॅक्टोमीटर या क्षारता मोजायच्या उपकरणाने तपासून वापरता येतं. पण तेवढ्या यातायातीपेक्षा आरओ पाणी आणि त्यात विरघळवायचं तयार समुद्री मीठ (सॉल्ट मिक्स) परवडतं. मेसेज पुढे म्हणतो, पाणी आटलं की समुद्राचंच ओता. चूक. उडून जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं. आटलेलं भरायचं ते साध्या आरओ पाण्यानेच, नाहीतर आठवड्यागणिक क्षारता चढते.

काटकपणाबद्दल. मालवणचे प्रवाळ ओहोटीला उघडे पडूनही जगतात, हे खरं. पण भरतीला त्यांच्यावर अख्खा अरबी समुद्र येतो. तुमच्या शंभर लिटरच्या टाकीत लाइट गेली की पाणी हलवणारा पंप (वेव्हमेकर) थांबतो आणि आधी ऑक्सिजन घसरतो. आपल्याकडे जूनमध्ये लाइट कधी जाते यापेक्षा कधी येते हे विचारावं लागतं, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप आधी घ्या, फ्रॅग नंतर. तापमान २५-२६ अंश बरं. पुण्यातले लोक पाण्यावर पंखा सोडून भागवतात. मे महिन्यात आपल्याकडच्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, मग पंख्याने थंड कितीसं होणार? पाणी थंड करणाऱ्या चिलरचा खर्च धरूनच चालायचं.

भरपूर लाइट आणि रोज खाणं, दोन्हींनी नुकसान होतं. प्रवाळाचं बहुतेक पोट त्याच्या अंगातलं शेवाळ भरतं. एकदम कडक प्रकाशात ते शेवाळ बाहेर फेकलं जातं आणि फ्रॅग पांढरा पडतो. नवा फ्रॅग तळाशी ठेवून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर आणा. रोजच्या खाण्याने फॉस्फेट वाढतो, बस्स.

राहिलं उकळणं. हे मात्र जिवावरचं आहे. पॅलिथोआ आणि काही झोअँथसमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, ते उष्णतेने निष्प्रभ होत नाही आणि वाफेबरोबर घरभर पसरतं. असे दगड उकळल्यावर घरातली सगळी माणसं दवाखान्यात पोचल्याची उदाहरणं परदेशात नोंदलेली आहेत. नवा फ्रॅग कोरल डिपमध्ये, म्हणजे किडे मारायच्या द्रावणात, बुडवायचा, आणि डिपने किड्यांची अंडी मरत नाहीत म्हणून जुना प्लग तोडून टाकायचा. हे करताना हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. दगड घासायचाच असेल तर पाण्यात बुडवून घासा, आणि त्या वेळी पोरांना बाहेर पाठवा.